खरा ड्रायव्हर भांडतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून ती बातमी येतेच, भिवंडीहून निघालेला इतक्या लाखांचा माल ट्रकसकट गायब, चालक फरार, आणि वर ठळक हेडिंग की ड्रायव्हरनेच माल लांबवला. सकाळच्या लोकलमध्ये मी ती वाचतो आणि बाजूचा माणूस माझ्या पेपरात डोकावून मान हलवतो, हे ट्रकवाले सगळे असलेच. मी काय बोलणार, मी गप्प बसतो. पण यावेळी म्हटलं लिहूनच टाकू, छापा नाही छापा तुमची मर्जी.

मी ट्रकवाला नाही, म्हणजे माझ्या नावावर एकही गाडी नाहीये. मी ट्रान्सपोर्टवाला. मशीद बंदरला जिन्याखाली आठ बाय दहाचं ऑफिस, पार्टीकडून म्हणजे माल पाठवणाऱ्याकडून माल घ्यायचा, बाजारातून गाडी लावायची, एलआर म्हणजे माल घेतल्याची पावती फाडायची, माल पोचला की पीओडी म्हणजे पोच मिळाल्याची सही परत आणून पार्टीला द्यायची आणि मधले दोन पैसे आपले. २६ वर्षं हेच करतोय. मुंबईत असे माझ्यासारखे किती असतील मोजदाद नाही, मशीद, वडाळा, कळंबोली, भिवंडी, प्रत्येक गल्लीत एक पाटी आहे. लोकांना वाटतं माल कंपनीच्या गाडीतून जातो. नाही हो. कंपनी मोठ्या ट्रान्सपोर्टला देते, तो माझ्यासारख्याला, मी ब्रोकरला, ब्रोकर दुसऱ्या ब्रोकरला, आणि शेवटी जी गाडी गोडाऊनच्या गेटला येऊन उभी राहते तिच्या ड्रायव्हरला या साखळीतला कोणी आयुष्यात भेटलेला नसतो. वांधा इथेच आहे, हायवेवर नाही.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट, सीझन फुल, गाड्या मिळत नाहीत, पार्टीचा फोनवर फोन. भिवंडीजवळच्या मानकोलीच्या एका गोडाऊनमधून इंदूरला मिक्सर आणि इंडक्शन शेगड्या जायच्या होत्या, १८ लाखांचा माल, वीस फुटी आयशर ट्रक पाहिजे. नेहमीच्या ब्रोकरकडे गाडी नाही. व्हॉट्सअॅपच्या लोडच्या ग्रुपवर टाकलं तर पाच मिनिटांत एक नवीन नंबर, गाडी रेडी है शेठ. भाडं विचारलं तर बाजारात पंचवीस-सव्वीस चालू असताना हा बोलला एकवीस हजार. मी मनात बोललो, परतीची गाडी असेल, रिकामी जाण्यापेक्षा काढत असेल. आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, लायसन, पॅनकार्ड, सगळ्याचे फोटो आले, एकदम क्लिअर. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकला, आयशर, फिटनेस चालू, इन्शुरन्स चालू. झालं, मी ओके दिला.

गाडी संध्याकाळी सातला गेटला लागली. मी तिथे नव्हतो, माझा पोरगा म्हणजे ऑफिसातला मुलगा होता, त्याने फोटो पाठवले. ड्रायव्हर गोरा, पंचविशीतला, धुतलेला शर्ट. आता नंतर विचार करतो तेव्हा प्रत्येक गोष्ट खटकते पण तेव्हा नाही खटकली. तो भाड्यासाठी अडला नाही. अॅडव्हान्स ८० टक्के मिळतो, तो ६० वर तयार झाला. वाराई म्हणजे हमाली कोणी द्यायची, लोडिंगला उशीर झाला तर थांबल्याचे पैसे म्हणजे हॉल्टिंग मिळणार का, इंदूरला गाडी किती वेळात खाली होणार, दिवाळीत हमाल असतील का, यातलं एक विचारलं नाही. साहेब, २६ वर्षांत मी असा ड्रायव्हर बघितला नाही. खरा ड्रायव्हर भांडतो. तो आल्या आल्या बोलतो वजन जास्त आहे, ताडपत्री माझी का तुमची, मागच्या वेळी शॉर्टेजचे पैसे कापले होते ते आधी द्या, जेवायला हॉटेल कुठे आहे. त्याचं पोट त्या गाडीवर आहे, तो भांडणारच. याने एकच विचारलं, माझ्या पोराला, अगदी गप्पा मारता मारता, "माल किती का है भाई?" आणि माझ्या पोराने सांगितलं पण.

रात्री साडेनऊला गाडी निघाली. साडेअकराला फोन केला, लागला, बोलला कसारा चढतोय. बारानंतर बंद. ब्रोकरचा बंद. मी म्हटलं घाटात रेंज नसेल. सकाळी सहाला परत बंद, आणि तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आहे.

मग मी जे केलं ते सगळे करतात. गाडीचा फोटो, नंबर, ड्रायव्हरचा फोटो, खाली लाल अक्षरात "यह गाड़ी माल लेकर भाग गई है, दिखे तो पकड़ो", आणि जेवढे ट्रान्सपोर्टचे ग्रुप आहेत तेवढ्यांवर सोडून दिलं. तासाभरात फोन आला. धुळ्याजवळच्या एका गावातून, माणूस साठीचा असावा, आवाज कापत होता. "साहेब ती गाडी माझी आहे आणि ती तीन दिवसांपासून माझ्या दारात उभी आहे, क्लचप्लेट गेलीये. व्हिडिओ कॉल करतो बघा." केला. गाडी दारात उभी, टपावर कोंबडी बसलेली. तोच नंबर, तीच आयशर, तोच रंग.

म्हणजे नंबर खरा, कागद खरे, गाडी दुसरी. कुठल्यातरी ढाब्यावर त्याच्या गाडीचा फोटो काढला असणार, कागद कुठल्यातरी ब्रोकरच्या फोनमधून फिरत आले असणार. कागदांचे फोटो आपण प्रसाद वाटावा तसे वाटतो ना. लायसनवरचा नंबर कोण्या तिसऱ्याच माणसाचा निघाला, फक्त फोटो या पोराचा चिकटवलेला. म्हणजे तुम्ही हेडिंगमध्ये ज्याला ड्रायव्हर म्हणता तो ड्रायव्हर नव्हताच, तो ड्रायव्हरचं सोंग घेऊन आलेला माणूस होता. सगळ्याच केसमध्ये असं असतं असं नाही, ड्रायव्हर फितूर होतात, ढाब्यावर पाच पेट्या उतरवून देणारे पण आहेत, मी काही आरती ओवाळत नाही कोणाची. पण पूर्ण गाडीच गायब होते ना, तेव्हा आधी हे बघा की गेटला आलेली गाडी खरी होती का.

आता हे दहा मिनिटांत पकडता आलं असतं हे मला नंतर एका जुन्या माणसाने दाखवलं आणि तेच सांगायला हे पत्र आहे खरं तर. त्याने माझ्या पोराने काढलेला फोटो मोठा केला आणि नंबर प्लेटवर बोट ठेवलं. १ एप्रिल २०१९ नंतरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडूनच येते, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला कोड, आणि ती स्नॅप लॉकने बसवलेली असते, काढायची तर तोडावीच लागते. आरसीप्रमाणे ही गाडी २०२१ ची. फोटोत प्लेट दोन साध्या नटबोल्टांवर, पान्याने काढता येतील असे. होलोग्रामच्या जागी चंदेरी स्टिकर. १८ लाखांचा माल दोन नटबोल्टांवर गेला साहेब.

दुसरं चेसिस. चेसिस नंबर फ्रेमवर कोरलेला असतो, बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकाच्या आसपास, ग्रीस आणि चिखलाखाली. चिंधीने पुसायचं आणि आरसीशी शेवटचे पाच आकडे जुळवायचे. प्लेट दोनशे रुपयांत बनते, चेसिस खोदायला मेहनत लागते आणि खाडाखोड दिसते. पण गोडाऊनच्या गेटवरचा वॉचमन १२ तास ड्युटी करून दहा-बारा हजार घेतो, तो कशाला चिखलात हात घालेल, त्याच्याकडे एक वही असते, त्यात गाडी नंबर, ड्रायव्हर नाव, टाइम, सही. चोरानेही तिथे सही केलीये, छान वळणदार.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त लागलं, फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सगळ्यांना सक्तीचा आहे, प्रत्येक टोलला गाडीचा नंबर, वेळ, सगळं नोंदलं जातं. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरण आणलं त्याच्यासोबत युलिप नावाची एक सिस्टीम आली, तिच्यातून वाहन म्हणजे गाड्यांची सरकारी नोंद, सारथी म्हणजे लायसनची नोंद आणि फास्टॅग यांचा डेटा प्रायव्हेट अॅपवाल्यांना मिळतो. म्हणजे आज ट्रॅकिंगच्या अॅपवर गाडी नंबर टाकला की शेवटचा टोल कुठे आणि कधी कापला ते दिसतं. मी नंतर बघितलं. धुळ्याच्या त्या गाडीचा शेवटचा टोल तीन दिवस आधी शिरपूरला. त्यानंतर काही नाही. आता तुम्हीच सांगा, चांदवड, पिंपळगाव, घोटी, पडघा, एवढे टोल कापल्याशिवाय ती गाडी धुळ्याहून मानकोलीला आली कशी? उडत? हे मी माल भरायच्या आधी बघितलं असतं तर गेटवरच खेळ खलास. अॅपचे पैसे किती, एका चेकला चहाच्या कटिंगपेक्षा जास्त नाही. मी ते वाचवले.

वडील असते तर हसले असते. बाबा डॉकात टॅली क्लार्क म्हणजे माल मोजून लिहून घेणारे होते, मुंबई बंदरात इंदिरा डॉकला. त्यांच्या वेळी माल सुटा यायचा, गोण्या, पेट्या, पिंपं, आणि ते सांगायचे की चांगल्या मालाची पेटीच नेमकी क्रेनच्या स्लिंगमधून सुटायची, दारूगोळ्याची कधी नाही. पेटी फुटली की सांडलेलं झाडून गोळा करायचं आणि त्या झाडलोटीत काय काय जायचं. स्वेटरच्या आत घड्याळं, डब्यात सुकामेवा, गेटवर झडती. यलो गेट पोलीस ठाणं डॉकातल्या असल्याच भानगडींसाठी सगळ्यांना माहीत. मग कंटेनर आले, १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं, सगळं लोखंडी पेटीत बंद, वर सील. बाबा रिटायर होताना बोलले आता चोरी संपली, हात घालायला जागाच नाही. त्यांना काय माहीत की पुढे हात घालायचीच गरज राहणार नाही, पेटी सहीशिक्क्यासकट चोराच्या स्वाधीन करू आपण, वर त्याला बोलू सांभाळून जा.

सीलवरून आठवलं. पार्टीला वाटतं कंटेनरच्या दाराला लोखंडी बोल्ट सील लावलं म्हणजे माल सेफ. आयएसओ १७७१२ चं एच म्हणजे हाय सिक्युरिटी मार्कवालं सील चांगलंच असतं, कापायला मोठा कटर लागतो. पण चोर सील कापतच नाही. कंटेनरच्या दाराचं जे हँडल असतं त्याचा रिव्हेट ड्रिल करून काढतो, हँडल सीलसकट बाजूला होतं, दार उघडतं, माल निघतो, परत तसाच रिव्हेट नाहीतर बोल्ट बसवून वरून रंगाचा हात. पोचल्यावर सील नंबर जुळतो, आत १५ पेट्या कमी. मग कोणावर नाव? ड्रायव्हरवर. म्हणून माल उतरवणाऱ्याने सीलचा नंबर बघून खूश होऊ नये, हँडल हलवून बघावं, रिव्हेटवर ताजा रंग आहे का नखाने खरवडून बघावं. निघताना सीलचा फोटो काढतात तसा हँडलचा आणि बिजागऱ्यांचा पण काढावा, तोच मोबाईल आहे, फिल्म संपत नाही.

जीपीएसचं पण तसंच. डॅशबोर्डखाली वायर जोडलेलं एकच मशीन, त्याची जागा पोराटोराला माहीत, वायर तोडली की विषय संपला. जॅमर वापरणं बेकायदा आहे पण मिळतात. महागाचा माल असेल तर बॅटरीवाला छोटा ट्रॅकर मालाच्याच एका पेटीत टाका आणि कोणत्या पेटीत ते लोडिंगवाल्यांना पण सांगू नका. आणि मशीन लावून रात्री कोणी बघणारच नसेल तर ते कशाला लावलं? माझ्या ओळखीच्या एकाकडे गाडी पहाटे दोनला रूट सोडून गेली, मोबाईलवर अलर्ट आला, शेठ झोपलेले, सकाळी दात घासताना बघितला.

आता पोलिसांचं. नाव घेत नाही कोणाचं, कारण शेवटी मदत पण तिथल्याच एका हवालदाराने केली. मी सकाळी आठला पहिल्या ठाण्यात गेलो, माल जिथे भरला तिथल्या. ते बोलले फोन कुठे बंद झाला? कसाऱ्याच्या बाजूला? मग तिकडे जा. तिकडे गेलो, दीडशे रुपये पेट्रोल बाइकमध्ये टाकून, ते बोलले व्यवहार कुठे झाला? मग तिकडेच होणार. ऑफिस मशीदला आहे ना, मुंबईत बघा. तीन दिवस असा फुटबॉल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. आता १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सरळ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात द्या, ती घ्यायचीच. ऑनलाइन पण देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, वकिलाने नंतर सांगितलं. म्हणून सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगतो हे कलम मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि हद्दीची भाषा सुरू झाली की पुढे करा.

कारण पहिली रात्रच महत्त्वाची असते. माल ट्रकमध्ये फार वेळ राहत नाही. हायवेपासून आत कुठेतरी दुसरी गाडी उभी असते, दोन तासांत पेट्या इकडून तिकडे, रिकामी गाडी प्लेट बदलून घरी. तीन दिवसांनी नाकाबंदी करून काय मिळणार, माझ्या मिक्सरात तोपर्यंत कोणाच्या तरी घरी चटणी वाटून झाली असेल.

आणि ती चटणी कोण वाटतं? हे कोणी लिहीत नाही. नऊशे मिक्सर चोर स्वतःच्या घरी वापरत नाही, तो विकतो. कोणतरी दुकानदार तो निम्म्या भावात घेतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो बिल नको असेल तर स्वस्तात देतो, आणि आपण खूश होऊन घेतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला जागा असून घेणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण पकडतात कोणाला, तर ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्याला. सळईचं तर सगळ्यांना माहीत आहे, कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून निघालेल्या ट्रेलरमधून थोडी थोडी सळई वाटेत उतरते आणि वजनकाट्यावर वजन भरायला पाणी, दगड, काय काय भरलं जातं. ती सळई भंगारवाल्याकडून कोणाच्या तरी बिल्डिंगच्या स्लॅबमध्ये जाते. घेणाऱ्यांच्या खाली आग लावली तर उतरवणारा आपोआप थांबेल असं मला वाटतं, चूक असेन तर सांगा.

पैशाचं काय झालं ते पण सांगतो कारण धंद्यातल्या नवीन पोरांना वाटतं इन्शुरन्स आहे ना. पार्टीची पॉलिसी होती, पण इनलँड ट्रान्झिट म्हणजे देशातल्या वाहतुकीची, बी क्लॉजवाली. तिच्यात आग, अपघात, गाडी उलटणं, पूल तुटणं हे आहे, चोरी नाही. चोरी पाहिजे तर ए क्लॉज घ्यावा लागतो, नाहीतर वेगळी जोडून घ्यावी लागते. हप्त्यात थोडेसे पैसे वाचवले होते पार्टीने. मग पार्टीने माझ्याकडे बोट दाखवलं. २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे, त्याच्या नियमांप्रमाणे जास्तीचं रिस्कचं भाडं ठरलेलं नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहा पट. माझं पार्टीकडचं भाडं २६,५०० म्हणजे २ लाख ६५ हजार. पण पार्टी कायद्यावर बोलत नाही साहेब, पार्टी पुढच्या महिन्याच्या बिलावर बोलते. शेवटी ६ लाखांवर तोडपाणी झालं, दर महिन्याच्या भाड्यातून कापतात, अजून चालू आहे. बायकोचे दोन दागिने गेले, ते जाऊ दे. पार्टीचं पण नुकसानच, चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट म्हणजे खरेदीवरच्या टॅक्सची वजावट परत भरावी लागते, जीएसटी कायद्याचं कलम १७(५) बघा, म्हणजे माल पण गेला आणि टॅक्स पण गेला. आणि त्या कॅरेज बाय रोड कायद्यात अजून एक आहे, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस दिली नाही तर दावाच लावता येत नाही. हे मी स्वतःच्या विरुद्ध सांगतोय पण असू दे.

आता राहिला पार्किंगचा विषय. मुंबई आणि ठाण्यात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी, बरोबर आहे, आम्ही पण याच रस्त्यावरून जातो. पण त्या वेळात गाडीने कुठे उभं राहायचं? माजिवड्यापासून मानकोलीपर्यंत, काल्हेर-कशेळीला, तिकडे उरणच्या रस्त्याला जासई, करळ फाटा, रस्त्याच्या कडेला रांगा असतात. न्हावा शेवाला पार्किंग प्लाझा केलाय जेएनपीएने म्हणजे तिथल्या बंदरवाल्यांनी, चांगलं झालं. भिवंडीत एवढी गोडाऊनं आहेत, देशाचा ऑनलाइन माल इथून जातो म्हणतात, आणि ड्रायव्हरला लघवीला जायला धड जागा नाही. तो गाडी अंधारात लावून केबिनमध्ये झोपतो, मागून ताडपत्री कापली जाते, डिझेलच्या टाकीत पाइप जातो. क्लिनर आता राहिलेच नाहीत, परवडत नाहीत, एकटा माणूस चाक पण मारणार आणि राखण पण करणार. ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना, चांगलंच आहे, पण काच बंद करून झोपला की मागे काय चाललंय ते ऐकू पण येत नाही त्याला, हा आपला माझा एक विचार. दिवा, भिंत, गेट, संडास आणि एक कॅमेरा असलेली जागा द्या, ड्रायव्हर शंभर रुपये देऊन उभा राहील, नाही राहिला तर मला विचारा.

मी आता काय करतो तर नवीन नंबरवरून गाडी घेतच नाही, सीझन असो नसो. घ्यावीच लागली तर आरसीवरच्या मालकाशी व्हिडिओ कॉल, आणि त्याचा फोन नंबर ब्रोकरने दिलेला नाही, दुसऱ्याकडून काढलेला. पोराला चिंधी आणि टॉर्च दिलीये चेसिस पुसायला. ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, त्याच्या पार्ट बीमध्ये गाडी नंबर असतो, तो मध्येच बदलला तर मला कळतं. आणि ड्रायव्हर गेटला आला की पोरगा मला फोन करून सांगतो, "शेठ, भांडतोय." मग मला बरं वाटतं.

धुळ्याच्या त्या माणसाचं नाव सांगत नाही. त्याचे नंतर बरेच फोन आले. मी पसरवलेला त्याच्या गाडीचा फोटो फिरत राहिला. तो नागपूरला माल घ्यायला गेला तर गेटवर चौघांनी घेरला, चावी काढून घेतली, दोन तास बसवून ठेवला. नाशिकला ब्रोकरने लोड दिला नाही, बोलला तुमची गाडी ब्लॅकलिस्ट आहे. गाडीवर हप्ता आहे, महिना ४१ हजार. तो मला एकदा पण शिवी देत नाही, फक्त बोलतो, "भाऊ, तेवढा फोटो काढून टाकायला सांगा ना." मी ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता तिथे सगळीकडे लिहिलं की गाडी खरी आहे, मालक चांगला माणूस आहे, मेसेज डिलीट करा. काहींनी केला, काहींनी अंगठा दाखवला. मागच्या मंगळवारी मला एका पनवेलच्या ओळखीच्याने मेसेज फॉरवर्ड केला, शेठ सावध रहा ही गाडी फिरतेय. उघडून बघतो तर तोच फोटो, खाली माझीच लाल अक्षरं. त्याला काय उत्तर द्यायचं ते अजून लिहिलेलं नाही. आधी तुम्हाला लिहिलं.

आपला,
एक ट्रान्सपोर्टवाला
मशीद बंदर, मुंबई